उपचार झाले, आता जावे कोठे?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासनाच्या वतीने बोलावयाचे म्हणजे खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, नवीन यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांचा गोषवारा आपणांसमोर ठेवावयाचा, असा प्रघात आहे. तो सर्व तपशील अहवालात आणि ताळेबंदात स्वतंत्रपणे दिलेला आहेच. आज मात्र आपली अनुमती गृहीत धरून आम्ही एकाच विषयावर बोलणार आहोत. ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात तो दिसत नाही. परंतु आमच्या वॉर्डांत तो वारंवार आमच्यासमोर उभा राहतो. रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतर ज्यांना जाण्यासाठी छप्परच नाही, अशा बेघर रुग्णांचा हा विषय आहे.

केसपेपरवर पत्त्याचा एक रकाना असतो. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यास तो भरावाच लागतो. बहुतेकांचा पत्ता इमारतीचा, चाळीचा किंवा वस्तीचा असतो. काहींच्या बाबतीत मात्र तेथे 'पुलाखाली', 'स्टेशनबाहेर', 'फुलबाजाराजवळ' असे लिहावे लागते. उपचार होतात, ताप उतरतो, जखम भरू लागते आणि डिस्चार्ज कार्ड तयार होते. त्यावर डॉक्टरांच्या सूचना असतात : पाय उंचावर ठेवावा, जखम कोरडी ठेवावी, उकळून गार केलेले पाणी प्यावे, दोन आठवडे विश्रांती घ्यावी. यांतील प्रत्येक सूचना घर गृहीत धरून लिहिलेली असते. ज्याला घर नाही, त्याला त्यांपैकी एकही पाळता येणार नाही, हे कार्ड देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही.

मुंबईत रुग्णालयाच्या दृष्टीने अशा रुग्णांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग गावी घर असूनही उपचारांच्या काळापुरता शहरात निराश्रित झालेल्यांचा. परळ परिसरात १९२६ पासून के.ई.एम. रुग्णालय आणि १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय कार्यरत आहे. विदर्भ, मराठवाडा आणि कोकण येथूनच नव्हे, तर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगालपर्यंतच्या भागांतून रुग्ण तेथे येतात. कर्करोगावरील किरणोपचार कित्येक आठवडे चालतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये काही दिवसांचे अंतर असते. परंतु तेवढ्यात गावी जाऊन परत येणे अशक्त शरीराला झेपत नाही आणि खिशालाही परवडत नाही. लॉजचे भाडे दिवसागणिक वाढत जाते आणि भाड्याची खोली घ्यावी तर अनामत रक्कम आधी मागितली जाते. अशा वेळी रुग्णालयालगतचा पदपथ किंवा उड्डाणपुलाखालची जागा एवढाच पर्याय अनेकांपुढे उरतो.

या वर्गाची अडचण महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. त्यांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा बाहेरगावच्या असंख्य रुग्णांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा आधार ठरली आहे. आज या सभागृहात बसलेल्या नातेवाइकांपैकी काहींनी तेथे किंवा अशाच एखाद्या धर्मशाळेत दिवस काढले असतील. जागेची मागणी पुरवठ्यापेक्षा नेहमीच अधिक असते, हे खरे. परंतु या गरजेसाठी आपल्या समाजात निदान एक परंपरा आहे आणि तिला दातेही मिळत आले आहेत.

दुसरा वर्ग आहे शहराच्याच बेघर रहिवाशांचा. त्यांच्यासाठी अशी परंपरा नाही. पहाटे फुलबाजारात आणि भाजीबाजारात ओझी वाहणारे, लग्नसमारंभात वाढप्याचे काम करणारे, बांधकामावरचे बिगारी, कचरा वेचणाऱ्या स्त्रिया, घरच्यांनी बाहेर काढलेले वृद्ध, मनोरुग्ण अशी माणसे यात आहेत. यांना सरसकट 'भिकारी' म्हणण्याची सवय आपल्या समाजाला आहे आणि कायद्यालाही होती. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मधील भिक्षेच्या व्याख्येत, निर्वाहाचे दृश्य साधन नसताना भिक्षेवर जगत असावी असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक ठिकाणी वावरणारी व्यक्तीही समाविष्ट केलेली आहे. हाच कायदा दिल्लीस लागू असताना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील प्रमुख तरतुदी त्या क्षेत्रापुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. आमच्या वॉर्डांत येणाऱ्या बेघर रुग्णांना त्यांचा व्यवसाय विचारला, तर बहुधा कष्टाच्या कामाचेच नाव सांगितले जाते. काम आहे, घर नाही, अशी ही स्थिती आहे.

या प्रश्नाचा आकार किती? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर व्यक्तींची स्वतंत्र मोजणी करण्यात आली. पदपथ, पुलाखालील जागा, रेल्वेचे फलाट, जिन्याखालील कोपरे, मोठे पाइप, देवळांचे मंडप अशा ठिकाणी राहणाऱ्यांची गणना त्यात होती. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार व्यक्ती बेघर आढळल्या. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरी भागांत होत्या. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २ लाख ११ हजार, तर मुंबईचा सुमारे ५७ हजार होता. एका रात्रीत केलेल्या मोजणीतून अनेकजण सुटतात, असे या क्षेत्रातील कार्यकर्ते नेहमी सांगतात. ते बाजूला ठेवून हाच आकडा धरला, तरी एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती या महानगरात छपरावाचून रात्र काढत होती.

कायद्याने या माणसांची दखल घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटविण्याची मोहीम निघाली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने जुलै १९८५ मध्ये 'ओल्गा टेलिस' खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. ही माणसे पदपथावर राहतात ती काम जवळ मिळते म्हणून, हेही न्यायालयाने नोंदविले. पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार मात्र न्यायालयाने कायम ठेवला. फक्त पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, ती कारवाई करू नये असे सांगितले. त्या निकालातून हक्काचे तत्त्व मिळाले. छप्पर मिळाले नाही.

पुढे २०१० मध्ये, दिल्लीतील कडाक्याच्या थंडीत एक रात्रनिवारा पाडला गेल्यानंतर, अन्नाच्या हक्कासंबंधी चालू असलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे १०० व्यक्तींसाठी एक निवारा असावा आणि तो वर्षभर, दिवसाचे चोवीस तास उघडा असावा, असा निकष त्यातून पुढे आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठीच्या निवारा योजनेने हाच निकष स्वीकारला आणि प्रत्येक व्यक्तीस किमान ५० चौरस फूट जागा असावी, असेही ठरविले. अंमलबजावणी समाधानकारक नसल्यामुळे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

हिशेबाची सवय असल्यामुळे आम्ही हा निकष मुंबईला लावून पाहिला. २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारे आणि १२,४०० व्यक्तींची सोय हवी. त्याच वर्षीच्या सुमारे ५७ हजार बेघरांशी हा आकडा ताडून पाहिला, तर निकष पूर्णपणे पाळला गेला असता तरी पाचांपैकी जेमतेम एका व्यक्तीला जागा मिळाली असती. प्रत्यक्षात उभे राहिलेले निवारे तर या निकषाच्याही कितीतरी खाली राहिले.

याची कारणे केवळ अनास्थेत नाहीत. मुंबईत जागा हीच सर्वांत महाग वस्तू आहे. निवाऱ्यासाठी इमारत मिळाली तरी ती जेथे बेघर माणसे काम करतात तेथे असेलच, असे नाही. पहाटे चार वाजता दादरच्या बाजारात हजर राहावयाचे असेल, तर दूरच्या उपनगरातील निवारा कितीही स्वच्छ असला तरी निरुपयोगी ठरतो. पुरुषांचा निवारा वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा असेल, तर नवरा-बायको आणि मुले विभागली जातात. म्हणून कुटुंबे पदपथच पत्करतात. गाठोडे सुरक्षित राहील याची खात्री नसेल, तर माणूस उघड्यावर गाठोड्यावर डोके ठेवून झोपणे पसंत करतो. निवारे रिकामे राहतात म्हणून त्यांची गरज नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी या गोष्टी ध्यानात घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

येथपर्यंतची माहिती निरोगी बेघर माणसाविषयी झाली. तो आजारी पडला, की उणीव अधिक तीव्र होते. सामान्य निवारा झोपण्यासाठी असतो. काही ठिकाणी सकाळी जागा रिकामी करावी लागते. बरे होऊ घातलेल्या माणसाला तर दिवसाच आडवे होण्याची गरज असते. ज्याचा संसर्ग किंवा जखम चालू आहे, त्याला दाटीच्या दालनात घेण्यास व्यवस्थापक कचरतात आणि इतरांच्या हिताचा विचार करता त्यांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. परिणामी रुग्णालय म्हणते, याला आता खाटेची आवश्यकता नाही. आणि निवारा म्हणतो, हा अजून बरा झालेला नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात आणि त्यांच्या मधली जागा म्हणजे पदपथ.

काही उदाहरणे देतो. त्यांत कोणा एका रुग्णाची ओळख नाही. वर्षानुवर्षे दिसणारी ही स्थिती आहे. मधुमेहामुळे पायाला जखम झालेल्या रुग्णाचा पाय वाचविण्यासाठी शस्त्रक्रियेइतकेच नंतरचे काही आठवडे महत्त्वाचे असतात. त्या काळात पायावर भार देऊ नये, रोज ड्रेसिंग व्हावे आणि जखम कोरडी राहावी, एवढेच अपेक्षित असते. पदपथावरून स्वच्छतागृहापर्यंत आणि तेथून खाण्याच्या गाडीपर्यंत त्याला चालावेच लागते. पावसाळ्यात तर साचलेल्या पाण्यातून चालावे लागते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे, लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, हे मुंबईकरांना दर पावसाळ्यात ऐकावे लागते. वाचविलेला पाय पुन्हा सडतो आणि दुसऱ्या खेपेस तो कापण्याची वेळ येते. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचे उपचार साधारणतः सहा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे, एकही दिवस न चुकता घ्यावयाची असतात. औषधे शासनाकडून मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. पण ती बँक खात्यात जमा होते आणि खात्यासाठी कागदपत्रे लागतात. पदपथ मोकळा करण्याच्या एखाद्या कारवाईत गाठोडे उचलले गेले, तर त्यात औषधेही जातात आणि केसपेपरही. प्रसूत झालेल्या बेघर मातेला घरी पाठविताना नवजात बाळाला ऊब द्यावी असे आम्ही सांगतो. कोठे, हा प्रश्न ती विचारत नाही, एवढेच.

मनोरुग्णांबाबत कायद्याने याचा विचार केला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ नुसार केवळ कुटुंब नाही किंवा घर नाही म्हणून कोणाही व्यक्तीस मनोरुग्णालयात ठेवता येत नाही; तिला समाजात राहण्याचा हक्क आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचविण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था कर्जत येथून करते आणि त्या कार्यासाठी त्यांना २०१८ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. उपचार आणि घरी परतणे या दोहोंच्या मध्ये राहण्याची एक जागा तेथे आहे. ती नसती तर औषध पुरेसे ठरले नसते. शारीरिक आजाराच्या बेघर रुग्णांना नेमकी अशीच मधली जागा उपलब्ध नाही.

आता संस्थेच्या हिशेबाकडे येतो. आपले रुग्णालय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार, आपण १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवतो. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. तातडीच्या रुग्णास अनामत रक्कम न मागता दाखल करून त्याचे प्राण वाचविण्याचे उपचार करणे आपणांवर बंधनकारक आहे. ते आपण केवळ बंधन म्हणून करीत नाही, हे या सभेस सांगण्याची आवश्यकता नाही.

या योजनेत पात्रता ठरविण्यासाठी तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड अपेक्षित असते. ही कागदपत्रे मिळण्यासाठी पत्ता लागतो. म्हणजे जो सर्वाधिक निर्धन आहे, त्यालाच निर्धनता सिद्ध करणे सर्वांत कठीण जाते. आमचे वैद्यकीय समाजसेवक अशा रुग्णांसाठी पोलीस ठाण्यापासून शिधावाटप कार्यालयापर्यंत खेटे घालतात. त्यांचे ते काम अहवालातील कोणत्याही तक्त्यात येत नाही. म्हणून येथे त्यांचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख करतो.

शिवाय खाटेचाही हिशेब आहे. समजा, एक रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या दहाव्या दिवशी घरी जाण्यास योग्य झाला; पण घर नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला पंचविसाव्या दिवसापर्यंत ठेवून घेतले. तर पंधरा दिवस ती खाट दुसऱ्या गरजू रुग्णाला मिळाली नाही. उलट, त्याला दहाव्या दिवशी पाठविले आणि तो महिन्याभरात जखम चिघळून परत आला, तर पहिल्या दहा दिवसांचा खर्चही वाया गेला आणि रुग्णाचे हाल झाले ते वेगळेच. वाणिज्य शाखेत आम्हांस शिकविले गेले की, अर्धवट सोडलेल्या कामावरचा खर्च हा सर्वांत महाग खर्च असतो. आमच्या डॉक्टरांना या दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागतो. तिसरा पर्याय उभा करणे हे प्रशासनाचे आणि विश्वस्त मंडळाचे काम आहे.

हा तिसरा पर्याय नवा नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात बेघरांच्या आरोग्यसेवेचा जो कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला, त्यात आजारातून उठणाऱ्या बेघर रुग्णांसाठी वेगळ्या खाटांची कल्पना प्रारंभापासूनच होती. पुढे त्यासाठी स्वतंत्र वास्तूही झाली. आपल्याकडे दिल्लीत यमुनेकाठी गीता घाट येथे बेघर रुग्णांसाठी असा निवारा चालविला गेला. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतही विशेष निवाऱ्यांच्या प्रकारांत निराधार वृद्ध आणि मनोरुग्ण यांच्याबरोबर 'बरे होत असलेले रुग्ण आणि त्यांची कुटुंबे' यांचा उल्लेख होता. कल्पना कागदावर होती. ती उभी करणाऱ्यांची संख्या मात्र फार थोडी राहिली.

यास्तव प्रशासनाच्या वतीने आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. जुन्या केसपेपरांचे तळमजल्यावरील भांडार आता रिकामे होत आहे. तेथे बारा खाटांचा 'आरोग्यलाभ कक्ष' सुरू करावा. प्रत्येकी ५० चौरस फुटांप्रमाणे झोपण्यासाठी ६०० चौरस फूट जागा लागेल. स्नानगृहे, स्वच्छतागृहे आणि सामानाच्या कपाटांची जागा वेगळी. वापरातील बदलासाठी महानगरपालिकेची परवानगी आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मिळाल्याशिवाय काम सुरू होणार नाही.

कक्षाचे नियम थोडे आणि स्पष्ट असावेत, असे आम्ही सुचविले आहे. प्रवेश डॉक्टर आणि वैद्यकीय समाजसेवक यांच्या संयुक्त शिफारशीने मिळेल. कक्ष दिवसरात्र उघडा राहील. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे भाग असतील. लहान मूल आईजवळ राहील आणि सोबतच्या एका नातेवाइकास आळीपाळीने थांबता येईल. प्रत्येकास कुलूपबंद कप्पा मिळेल आणि त्याचे केसपेपर रुग्णालय सांभाळील. बाहेरगावच्या रुग्णांसाठी काही खाटा राहतील. कारण उपचारांच्या काळापुरते तेही बेघरच असतात. मुक्कामाची मुदत डॉक्टर ठरवतील आणि कक्ष सोडण्यापूर्वी पुढची सोय रुग्णाच्या संमतीने निश्चित केली जाईल. कोणाची गावी परतण्याची इच्छा असेल, कोणी जवळच्या निवाऱ्यात जाईल, कोणी वृद्धाश्रमात जाईल, तर कोणी पुन्हा आपल्या कामावर रुजू होईल. आणखी एक नियम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कक्षातील रुग्णांची छायाचित्रे देणगीच्या आवाहनासाठी वापरली जाणार नाहीत. आजारपणातून उठणाऱ्या कोणाही माणसाला जो आडोसा आपण देऊ, तोच यांनाही दिला पाहिजे.

विश्वस्त मंडळात या प्रस्तावावर चर्चा झाली आणि काही सन्माननीय सदस्यांनी आक्षेप नोंदविले. ते वाजवी आहेत; म्हणून त्यांची उत्तरे या सभेतच देणे योग्य ठरेल.

पहिला आक्षेप असा की, निवारा देणे हे शासनाचे काम आहे. रुग्णालयाने उपचार करावेत. शासनाची जबाबदारी आम्ही कमी लेखीत नाही आणि या कक्षामुळे ती संपतही नाही. परंतु जखम भरेपर्यंत ती कोरडी ठेवणे हा निवाऱ्याचा भाग मानावयाचा की उपचारांचा? आमच्या मते तो उपचारांचाच उत्तरार्ध आहे.

दुसरा आक्षेप असा की, एकदा आलेली माणसे पुन्हा जाणार नाहीत. ही शक्यता नाकारता येत नाही. परंतु वर सांगितल्याप्रमाणे या माणसांचे काम, ओळखी आणि कमाई रस्त्यावरच्या त्यांच्या जागेशी जोडलेली असते. बरे वाटू लागताच कामावर परतण्याची घाई त्यांनाच अधिक असते. डॉक्टर परवानगी देण्याच्या आत वॉर्डातून निघून जाणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यांना थोपवून धरणेच बहुधा अधिक कठीण जाईल. अतिवृद्ध आणि निराधार रुग्णांबाबत मात्र प्रश्न उरतो. त्यासाठी वृद्धाश्रम आणि पालिकेचे निवारे यांच्याशी आधीच लेखी व्यवस्था करून ठेवावी लागेल आणि ती केल्याशिवाय कक्ष उघडू नये, हे आम्हांस मान्य आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा. निर्धन रुग्ण निधी हा पात्र रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. निवाऱ्याचा खर्च त्यातून भागवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्णालयाच्या सर्वसाधारण निधीवरही हा भार टाकणे योग्य नाही. म्हणून कक्षासाठी स्वतंत्र निर्देशित निधी असावा, त्याचे खाते वेगळे ठेवावे, लेखापरीक्षण वेगळे दाखवावे आणि किती रुग्ण आले, किती दिवस राहिले, पुढे कोठे गेले आणि किती जणांना पुन्हा दाखल करावे लागले, याचा तक्ता दरवर्षीच्या अहवालात छापावा. दोन वर्षांनी तो तक्ता पाहून कक्ष चालू ठेवावयाचा की बंद करावयाचा, याचा निर्णय मंडळाने घ्यावा. प्रस्ताव आमचा असला तरी त्याची परीक्षा आकड्यांवर व्हावी, अशीच आमची इच्छा आहे.

देणगीदारांना एक विनंती. यंत्र घेऊन दिले, तर त्यावर नावाची पाटी लागते आणि ते योग्यच आहे. या कक्षाला मात्र यंत्रापेक्षा दरमहा येणाऱ्या लहान रकमांची गरज आहे. परिचारिकेचे वेतन, दोन वेळचे जेवण, चादरींची धुलाई आणि ड्रेसिंगचे साहित्य यांचा खर्च दर महिन्याला उभा राहतो. एकरकमी मोठ्या देणगीइतकेच नियमित दिलेल्या छोट्या देणगीचे मोल येथे आहे. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी आपल्या ओळखीच्या वृद्धाश्रमांशी किंवा निवाऱ्यांशी आमची गाठ घालून द्यावी. तीही मोठीच मदत होईल.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही दोन शब्द. आपल्यापैकी अनेकांनी आपल्या माणसाच्या उशाशी रात्री जागून काढल्या आहेत. शेजारच्या खाटेवर कोणीही भेटावयास न येणारा रुग्ण आपण पाहिला असेल. त्याला आपल्या डब्यातील दोन घास दिलेही असतील. असे घडताना आमच्या परिचारिका नेहमी पाहतात. वॉर्डात जे आपण सहजपणे केले, तेच संस्थेने नियमाने आणि हिशेबाने करावे, एवढेच या प्रस्तावाचे स्वरूप आहे.

मुंबईतील हजारो बेघरांचा प्रश्न बारा खाटांनी सुटणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. त्यासाठी जागा, कायदा आणि शासनाचा पैसा लागेल आणि त्याचा आग्रह नागरिक म्हणून आपण धरत राहिले पाहिजे. परंतु आपल्या दारातून आत आलेला रुग्ण बरा होऊनच बाहेर जावा, ही जबाबदारी या संस्थेने स्थापनेच्या वेळीच स्वीकारली आहे. आरोग्यलाभ कक्षाचा ठराव विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत येणार आहे. त्याला आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, आक्षेप असतील तर ते तत्पूर्वी लेखी कळवावेत आणि कक्ष सुरू झाल्यावर एकदा तरी स्वतः येऊन पाहावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.